व्हॅन लिथने संघ बदलले ते बरोबर की चूक? आधी चेंडू कोणाच्या हातात होता ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेच्या महिला कॉलेज बास्केटबॉलमधली नावाजलेली खेळाडू हेली व्हॅन लिथ लुईव्हिल विद्यापीठ सोडून २०२३ मध्ये लुइझियाना स्टेटला (एलएसयू) गेली आणि एका वर्षात तिथूनही निघून टेक्सास ख्रिश्चनला (टीसीयू) गेली. चाहत्यांत अजून दोन तट आहेत. एका तटाच्या मते ती निष्ठा नसलेली, पैसा आणि प्रसिद्धी यांच्यामागे धावणारी खेळाडू. दुसऱ्याच्या मते तिने जे केलं ते स्वतःच्या कारकिर्दीसाठी, म्हणून योग्यच. यात खरं काय मानायचं? आणि उद्या आपल्या आवडत्या संघातली मुलगी पोर्टलमध्ये (संघ बदलू इच्छिणाऱ्या कॉलेज खेळाडूंच्या नोंदयादीत) गेली, तर तिचा निर्णय कोणत्या निकषावर तोलायचा?

आधी उत्तर सांगतो. ही एक बदली नाही, दोन वेगवेगळे निर्णय आहेत आणि त्यांना एकच शेरा मारता येत नाही. एलएसयूला जाताना तिचा हेतू बरोबर होता, पण त्या हेतूसाठी निवडलेली जागा चुकली. टीसीयूला जाताना दोन्ही जुळलं. फरक निष्ठेचा नव्हता आणि पैशाचाही नव्हता. त्या संघात तिला कोणती भूमिका मिळणार आणि चेंडू किती वेळ तिच्या हातात राहणार, हा होता.

लुईव्हिलमधली व्हॅन लिथ म्हणजे स्वतः गुण करणारी गार्ड (बास्केटपासून लांब, चेंडू हाताळत खेळणारी). तिसऱ्या वर्षी, २०२२-२३ मध्ये, तिची सरासरी सामन्यामागे १९.७ गुण होती. प्रशिक्षक जेफ वॉल्झ यांचं आक्रमण तिच्याभोवती फिरायचं. ती स्क्रीनवरून (सहकारी आडवी उभी राहून बचावपटूला अडवते, तिथून) सुटायची, एक-दोन ड्रिबल घ्यायची आणि मधल्या अंतरावरून उडी मारून शॉट टाकायची. पण तिची उंची ५ फूट ७ इंच. डब्ल्यूएनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये, या उंचीची नुसती शूटर टिकणं फार कठीण, कारण समोर ५ फूट ११ किंवा ६ फुटांची गार्ड उभी असते आणि बचावात रोज तिलाच लक्ष्य केलं जातं. या उंचीच्या मुलीला तिथे जागा हवी असेल तर पॉइंट गार्ड व्हावं लागतं: चेंडू वर आणायचा, चाल ठरवायची, दुसरीला सोपा शॉट मिळवून द्यायचा. ते शिकण्यासाठी लुईव्हिल सोडण्यात काहीच गैर नव्हतं. तिने तीन वर्षांत पदवी पूर्ण केली होती. २०२०-२१ चा कोविडचा हंगाम पात्रतेत (कॉलेजात खेळायला मिळणाऱ्या चार हंगामांत) मोजला गेला नाही, त्यामुळे हातात आणखी दोन हंगाम होते. पदवी घेऊन दुसरीकडे जाणाऱ्या मुलीला ‘कॉलेज अर्ध्यावर टाकलं’ म्हणणं अन्यायाचं आहे.

मग एलएसयूत बिनसलं कुठे? कागदावर जागा रिकामीच दिसत होती. २०२३ च्या विजेत्या संघाची पॉइंट गार्ड अॅलेक्सिस मॉरिस पात्रता संपवून गेली होती, म्हणजे चेंडू वर आणणारी हवीच होती. अडचण बाकीच्या चौघींची होती. एंजल रीसला चेंडू बास्केटजवळ हवा, अनीसा मोरोला फ्री थ्रो रेषेच्या टोकापासून बास्केटपर्यंतच्या पट्ट्यात हवा, फ्लॉजे जॉन्सन आणि मिकायला विल्यम्स दोघीही स्वतः शॉट तयार करणाऱ्या. पाच जणींपैकी चौघींना चेंडू हातात घेऊन संपवायची सवय, आणि चेंडू एकच. पॉइंट गार्ड म्हणून तिने चाल सुरू करून दिली की पुढचे पंधरा सेकंद ती कोपऱ्यात उभी असायची, आणि थांबून मिळालेल्या पासवर शॉट टाकणं हे तिचं बलस्थान कधीच नव्हतं. सरासरी ११.६ गुणांवर आली, असिस्ट (दुसरीला गुण मिळवून देणारे पास) ३.६ वर थांबले. पॉइंट गार्ड म्हणून शिकायला गेलेल्या मुलीला ३.६ असिस्ट म्हणजे तो अभ्यासक्रम मिळालाच नाही.

आता आयोवाविरुद्धचा तो सामना. १ एप्रिल २०२४, ऑल्बनी, उपांत्यपूर्व फेरी. आयोवा ९४, एलएसयू ८७. केटलिन क्लार्कने ४१ गुण केले, नऊ थ्री-पॉइंटर टाकले आणि बारा असिस्ट दिले. बराच वेळ तिच्यावर व्हॅन लिथ होती. क्लार्कच्या एका लांबच्या शॉटनंतर व्हॅन लिथने हताशपणे खांदे उडवले, ते दृश्य सव्वा कोटीच्या आसपास लोकांनी थेट पाहिलं आणि मग तेच तिचं ओळखपत्र झालं. त्याआधीच्या वर्षी लुईव्हिलही क्लार्ककडूनच हरलं होतं आणि तेव्हाही क्लार्कचे गुण ४१ च होते. ऑल्बनीच्या त्या संध्याकाळी आपल्याहून पाच इंच उंच असलेल्या, तीस फुटांवरून शॉट टाकणाऱ्या गार्डवर एकटीला सोडणं हा डावपेचाचा निर्णय होता, व्हॅन लिथच्या कुवतीचा पुरावा नव्हे. ज्यांनी तो हंगाम फक्त त्या पंधरा सेकंदांच्या चित्रफितीवरून लक्षात ठेवला, त्यांनी तिच्यावर मोठा अन्याय केला असं माझं स्पष्ट मत आहे.

टीसीयूमध्ये काय वेगळं होतं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. जानेवारी २०२४ मध्ये या संघाकडे दुखापतींमुळे खेळायला पुरेशा मुली नव्हत्या. दोन सामने सोडून द्यावे लागले आणि विद्यापीठातल्या इतर विद्यार्थिनींसाठी खुली निवड चाचणी घ्यावी लागली. नावाच्या मागे धावणारी खेळाडू तिथे जात नाही. पण प्रशिक्षक मार्क कॅम्बेल हे आधी ओरेगॉनमध्ये सहायक होते, तिथली गाजलेली गार्ड सॅब्रिना आयोनेस्कूच्या काळात. त्यांचं आक्रमण पिक अँड रोलवर उभं असतं आणि ते चालवणारी गार्ड एकच असते.

ती चाल अशी: सेडोना प्रिन्स, ६ फूट ७ इंचांची सेंटर, थ्री-पॉइंट रेषेच्या माथ्याशी येऊन स्क्रीन लावते. मॅडिसन कॉनरसारख्या शूटर दोन्ही कडांना पसरलेल्या असतात. व्हॅन लिथ स्क्रीनला इतकी खेटून जाते की तिचा खांदा प्रिन्सच्या कमरेला घासतो, मधून बचावपटू शिरायला फटच राहत नाही. स्क्रीन ओलांडली की ती वेग वाढवत नाही, उलट कमी करते. मागून येणाऱ्या बचावपटूला पाठीवर घेते आणि समोरच्या उंच बचावपटूला ठरवायला लावते. ती उंच बचावपटू मागे सरकली तर पंधरा फुटांवरून शॉट. पुढे आली तर तिच्या हाताखालून, जमिनीलगत टप्पा देऊन, बास्केटकडे वळलेल्या प्रिन्सला पास. कोपऱ्यातली बचावपटू मदतीला आत आली तर कॉनरला थ्री. तीन प्रश्न, तीन ठरलेली उत्तरं, आणि सामन्यात चाळीसेक वेळा तीच परीक्षा. पॉइंट गार्ड अशी घडते. त्या हंगामात सरासरी १७.९ गुण आणि ५.४ असिस्ट, संघाचे ३४ विजय आणि ४ पराभव, बिग १२ या परिषदेचं (विद्यापीठांच्या गटाचं) विजेतेपद, त्या परिषदेतली वर्षातली सर्वोत्तम खेळाडू हा मान. टीसीयू पहिल्यांदाच शेवटच्या आठांत पोचलं आणि तिथे टेक्सासकडून ४७-५८ हरलं. एप्रिल २०२५ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या ड्राफ्टमध्ये (संघ नव्या खेळाडू निवडतात तिथे) शिकागो स्कायने तिला अकराव्या क्रमांकावर घेतलं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी पोर्टलमध्ये गेली की भांडण्याआधी एक काम करा. तिचे दोन पूर्ण सामने काढा, एक जिंकलेला आणि एक तगड्या संघाशी हरलेला. कागदावर चार रकाने करा: चेंडू कोणी वर आणला, तिला चेंडू पहिल्यांदा कुठे मिळाला, तो थांबून मिळाला की धावताना, आणि शेवट कोणी केला. प्रत्येक सामन्यात एका संघाची साधारण सत्तर पझेशन (चेंडू ताब्यात येण्याच्या पाळ्या) होतात. पहिला आणि चौथा क्वार्टर नोंदवला तरी चित्र स्पष्ट होतं. मग जिथे जाण्याची चर्चा आहे त्या संघाचे दोन सामने तसेच बघा, पण तिथे त्या जागेवर खेळलेल्या मुलीकडे लक्ष द्या. जुन्या संघात तिचे बहुतेक शॉट स्वतःच्या ड्रिबलवरून येत असतील आणि नव्या संघातली त्या जागेवरची मुलगी बहुतेक शॉट पास घेऊन थांबून टाकत असेल, तर गुण कमी होणार. ती वाईट खेळली म्हणून नव्हे, काम बदललं म्हणून.

आकड्यात हवं असेल तर वापराचं प्रमाण काढा, म्हणजे संघाच्या किती चाली तिच्या हातून संपतात ते. शॉट अधिक फ्री थ्रोचे ०.४४ पट अधिक टर्नओव्हर (गमावलेले चेंडू), ही तिची बेरीज. त्याला, ती मैदानावर असतानाच्या संघाच्या तशाच बेरजेने भागायचं. ती मैदानावर असतानाचे आकडे वेगळे मिळत नसतील तर संघाच्या बेरजेला तिच्या मिनिटांनी गुणा आणि ४० ने भागा. समजा तिने १४ शॉट टाकले, ५ फ्री थ्रो घेतले, ३ टर्नओव्हर केले. १४ + २.२ + ३ म्हणजे १९.२. संघाची बेरीज ७८ आणि ती ३६ मिनिटं खेळली, तर ७०.२. उत्तर सुमारे २७ टक्के. पाच जणी असल्यामुळे सरासरी २० असते. २५ च्या वर म्हणजे संघाचं आक्रमण तिच्यावर आहे. आता नव्या संघातल्या, परत येणाऱ्या मुलींची प्रमाणं मांडा. पाच संभाव्य मुलींची बेरीज १०० च्या खूप वर, म्हणजे १२०-१२५ जात असेल, तर कोणाचा तरी वाटा कापला जाणारच. नव्याने आलेल्या मुलीचा पहिल्यांदा कापला जातो, कारण आधीच्या मुलींचा प्रशिक्षकाशी घरोबा जुना असतो.

नियमांबद्दल चाहत्यांच्या मनात फार गोंधळ असतो, तो थोडा दूर करतो. आपल्याकडे रणजी करंडकासाठी राज्य बदलायचं तर जुन्या संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. यशस्वी जयस्वालने २०२५ मध्ये गोव्यासाठी मुंबईकडे ते मागितलं आणि मग परत घेतलं, हे आठवत असेल. अमेरिकन कॉलेजात तसं काही नाही. ऑक्टोबर २०१८ पासून पोर्टल आहे. खेळाडूने लेखी कळवलं आणि ठरलेला माहितीपाठ पूर्ण केला की विद्यापीठाच्या कार्यालयाने कामकाजाच्या दोन दिवसांत नाव टाकायचं. प्रशिक्षक अडवू शकत नाही. पूर्वी बास्केटबॉलच्या खेळाडूला बदलीनंतर एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ मध्ये पहिल्या बदलीसाठी ती अट गेली आणि एप्रिल २०२४ मध्ये, न्यायालयातल्या दाव्यांनंतर, अभ्यासात पात्र असेल तर कितीही बदल्यांना मोकळीक मिळाली. नाव टाकण्याची मुदत मात्र आखडत गेली. आधी साठ दिवस, मग पंचेचाळीस, मग तीस, आणि आता अंतिम सामन्यानंतरचे पंधरा. ही मुदत नाव टाकण्याची आहे, नवं कॉलेज निवडण्याची नाही. ‘अजून कुठेच जात नाही म्हणजे कोणी घेत नाही’ हा निष्कर्ष पंधराव्या दिवशी काढू नका.

धोका दुसरीकडे आहे. नाव टाकलं की जुन्या विद्यापीठाला चालू सत्रानंतर शिष्यवृत्ती थांबवण्याची मुभा मिळते, आणि परत घ्यायचं बंधन त्यांच्यावर नसतं. संघात जागाही मर्यादित. महसूल वाटपाच्या (विद्यापीठाने स्वतः खेळाडूंना पैसे देण्याच्या) व्यवस्थेत सामील झालेल्या विद्यापीठांना महिला बास्केटबॉलमध्ये पंधराच मुली ठेवता येतात. संघातली पहिली-दुसरी मुलगी असेल तर तिला चिंता नसते. पण आठ मिनिटं खेळणारी मुलगी केवळ रागाच्या भरात नाव टाकते तेव्हा तिची शिष्यवृत्ती पणाला लागलेली असते.

आणि ज्याकडे जवळजवळ कोणीच बघत नाही ते म्हणजे क्रेडिट. खेळायला पात्र राहायचं तर तिसरं वर्ष सुरू करताना निवडलेल्या पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, चौथं सुरू करताना ६०, पाचवं सुरू करताना ८०. टक्के मोजायचे ते नव्या विद्यापीठाच्या पदवीचे. पदवी १२० क्रेडिटची धरा. तीन वर्षांनंतर एका मुलीकडे ८६ क्रेडिट आहेत, जुन्या ठिकाणी ती आरामात पुढे आहे. नव्या विद्यापीठाने त्यातले ६४ च तिच्या पदवीसाठी धरले, कारण तोच विषय नाही किंवा प्रयोगशाळेचा भाग वेगळा आहे. लागतात ७२, कमी पडले ८. म्हणजे उन्हाळ्यात तीन-तीन क्रेडिटचे तीन विषय, आणि त्यातला एक जरी राहिला तरी नोव्हेंबरमध्ये ती बाकावर साध्या कपड्यांत बसलेली दिसेल. बदलीनंतर एखादी ‘अचानक’ दुसऱ्याच विषयाला गेली तर त्यामागे बहुधा हेच गणित असतं. अनेक विद्यापीठं पदवीची शेवटची तीसेक क्रेडिट स्वतःकडेच घ्यायला लावतात, त्यामुळे चौथ्या वर्षाची बदली सगळ्यांत अवघड. व्हॅन लिथसारखं आधी पदवी हातात घेऊन जाणं हा म्हणूनच सर्वांत सुरक्षित रस्ता आहे. होकार देण्याआधी क्रेडिटची तपासणी लेखी मागायची. ‘होऊन जाईल’ हे प्रशिक्षकाचं तोंडी आश्वासन इथे चालत नाही, कारण क्रेडिट प्रशिक्षक देत नाहीत, विभाग देतात.

पैशाचा आरोप सगळ्यांत आधी होतो, म्हणून तोही मोजून बघू. नाव-प्रतिमेच्या कमाईला (खेळाडूने स्वतःचं नाव आणि चेहरा जाहिरातींना देऊन मिळवलेल्या पैशाला) १ जुलै २०२१ पासून परवानगी आहे. जून २०२५ मध्ये हाउस खटल्यातली (कॉलेज खेळाडूंनी मोबदल्यासाठी केलेल्या दाव्यातली) तडजोड मंजूर झाली आणि विद्यापीठं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ लागली. २०२५-२६ साठी कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. त्याच तडजोडीतल्या, मागच्या वर्षांच्या नुकसानभरपाईच्या सूत्रात महिला बास्केटबॉलचा वाटा साधारण ५ टक्के धरला होता. तोच लावला तर पूर्ण संघाला दहा लाख डॉलरच्या आसपास, पंधरा मुलींत. काही विद्यापीठं जास्त देतात आणि नावाजलेल्या खेळाडूंच्या बाहेरच्या जाहिराती वेगळ्या. तुलनेला, २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूचा पहिल्या वर्षाचा पगार ७८,८३१ डॉलर होता. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीने आयुष्यातल्या कदाचित सर्वांत मोठ्या कमाईच्या दोन वर्षांचा हिशेब केला तर त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? फक्त तो हिशेब पूर्ण हवा. हे पैसे बहुधा स्वतंत्र व्यावसायिक म्हणून मिळतात, म्हणजे कर कापून येत नाही. स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर वेगळा आणि तो दर तिमाहीला स्वतः भरायचा. टेक्सास किंवा फ्लोरिडामध्ये राज्याचा आयकर नाही, कॅलिफोर्नियात भरपूर आहे. करार सोडल्यास पैसे परत करण्याचं कलम आहे का, हे वकिलाकडून वाचून घ्यायचं.

भारतातून जाणाऱ्या मुलींसाठी एक वेगळी सूचना. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर कोर्टवरची बदली आणि व्हिसाची बदली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाने सेव्हिस नोंद (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) ठरलेल्या तारखेला सोडावी लागते, नव्याकडून नवा आय-२० (व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र) घ्यावा लागतो आणि पाच महिन्यांच्या आत वर्ग सुरू व्हावे लागतात. जाहिरातीच्या कमाईलाही या व्हिसावर रोजगाराच्या अटी आड येतात. सहकारी मुलगी करते म्हणून तसंच करायला जाऊ नका. आधी त्या कार्यालयाला विचारा.

निष्ठेबद्दल चाहत्यांना वाटणारं दुःख खोटं नाही. तीन वर्षं एका मुलीला घडताना पाहिलं, तिच्या नावाचा जर्सी घेतला, आणि एका एप्रिलमध्ये ती गेली. मागे राहिलेल्या मुलींनाही त्याची किंमत मोजावी लागते. पण मग माप सगळ्यांना सारखं लावा. प्रशिक्षक किम मल्की बेलरला तीन विजेतेपदं मिळवून देऊन २०२१ मध्ये एलएसयूला गेल्या. कॅम्बेल सॅक्रामेंटो स्टेट सोडून २०२३ मध्ये टीसीयूला आले. त्या दोन संघांतल्या मुलींना तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. एंजल रीस मेरीलँड सोडून आली आणि पुढच्याच वर्षी विजेती झाली, कामिला कार्डोसो सिरॅक्यूजहून साउथ कॅरोलिनाला गेली आणि २०२४ च्या अंतिम फेरीतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. त्यांना मात्र कोणी फारसं बोललं नाही. दोघींनाही नव्या संघात नेमकी त्यांच्या खेळाची जागा मिळाली होती.

ऑलिव्हिया माइल्सचं उदाहरण याच धाग्यातलं. मार्च २०२५ मध्ये तिचा नोत्र दाम संघ टीसीयूकडून ६२-७१ असा हरला. त्या सामन्यात व्हॅन लिथने २६ गुण केले. माइल्स त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये अगदी वरच्या क्रमांकांवर जाईल असं मानलं जात होतं. तिने ड्राफ्टला न जाता पोर्टल निवडलं आणि गेली टीसीयूलाच. व्हॅन लिथने रिकाम्या केलेल्या त्याच जागेवर, त्याच पिक अँड रोलच्या माथ्यावर. आपल्याविरुद्ध चाललेलं आक्रमण तिने चाळीस मिनिटं समोरून पाहिलं होतं. तिने जागेचं नाव नव्हे, काम बघून निवड केली असं मला वाटतं.

नवीन हंगाम सुरू झाला की बदली झालेल्या मुलीच्या पहिल्या पाच सामन्यांत गुण बघू नका. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध ते सगळ्यांचेच फुगतात. तिसऱ्या क्वार्टरच्या पहिल्या चार मिनिटांत चेंडू कोण वर आणतं ते बघा. मध्यंतरानंतर प्रशिक्षक नव्याने मांडणी करतात, आणि कोणावर भरवसा ठेवायचं ठरलंय ते तेव्हा दिसतं. दुसरं, टाइमआउटनंतरची पहिली चाल कोणासाठी काढली जाते. डिसेंबरच्या मध्यापर्यंत यातलं एकही काम तिच्याकडे आलं नसेल, तर पुढच्या एप्रिलमध्ये तिचं नाव पुन्हा पोर्टलमध्ये दिसण्याची शक्यता धरून चाला.